आधी एक गोरा शोधा

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या इतिहासावर सिनेमा काढायचं तुमच्या डोक्यात आलं असेल, तर मनापासून अभिनंदन. विषय सोन्यासारखा आहे. जवळजवळ अडीचशे वर्षांची गुलामी, पुढची शंभर वर्षं वेगळे नळ, वेगळ्या शाळा, बसमधली मागची बाकडी. डोळ्यांतल्या पाण्याला तोटा नाही, आणि गाणी तर काय, चर्चमधून आयती मिळतात. अडचण एकच आहे. या गोष्टीत कृष्णवर्णीय माणसं फार आहेत. तेव्हा पटकथेचं पहिलं पान उघडण्याआधी एक गोरा शोधा.

कसा असावा? वकील चालेल, पत्रकार चालेल, लष्करी अधिकारी असला तर घोडाही मिळतो. पहिल्या अर्ध्या तासात तो थोडासा वंशद्वेष्टा असू द्या. सुधारायला जागा हवी ना. कृष्णवर्णीय पात्रांनी सुधारायचं नसतं. त्यांनी सोसायचं, आणि अधूनमधून खिडकीबाहेर बघत एखादं शहाणपणाचं वाक्य बोलायचं.

आता तुम्ही विचाराल, नायिकाच कृष्णवर्णीय असेल तर? म्हणजे हॅरिएट टबमनसारखी, जी स्वतः गुलामीतून पळाली आणि पुन्हापुन्हा मागे जाऊन जवळजवळ सत्तर जणांना सोडवून घेऊन आली. त्यावरही उपाय निघालेला आहे. तिच्यावरच्या सिनेमाची पटकथा लिहिणाऱ्या ग्रेगरी ॲलन हॉवर्ड यांनीच ही हकिकत सांगितली आहे. १९९४ साली एका बैठकीत स्टुडिओचे एक साहेब म्हणाले, पटकथा झकास आहे, हॅरिएटच्या कामाला जुलिया रॉबर्ट्सला घेऊ. हॅरिएट कृष्णवर्णीय होती, असं कोणीतरी हळूच सुचवलं. त्यावर साहेबांचं म्हणणं पडलं की इतक्या जुन्या गोष्टीत कोणाला काय फरक कळणार आहे! सिनेमा आला २०१९ साली, आणि जुलियाबाईंशिवाय आला. पंचवीस वर्षं कशी गेली असतील, तुम्हीच समजून घ्या.

पूर्वी हे सगळं फार सोपं होतं. १९१५ साली ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ काढताना डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांनी कृष्णवर्णीयांच्या मोठ्या भूमिका गोऱ्या नटांनाच दिल्या आणि तोंडाला काळं फासून घेतलं. खलनायक काळे, नायक कू क्लक्स क्लॅन, म्हणजे कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणारी गोऱ्यांची गुप्त संघटना. खेळ थेट व्हाइट हाउसमध्ये झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस जॉर्जियातल्या एका डोंगरावर ती मोडीत निघालेली क्लॅन पुन्हा उभी राहिली. सिनेमाचा समाजावर परिणाम होत नाही असं म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला हे उदाहरण खिशात ठेवा.

पाच वर्षांनी ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने ‘विदिन अवर गेट्स’मध्ये झुंडीने केलेल्या हत्या दाखवल्या, तेव्हा मात्र शिकागोच्या सेन्सॉरला दंगलीची धास्ती वाटली. ग्रिफिथचा सिनेमा आजही अभ्यासक्रमात असतो. मिशोच्या या सिनेमाची प्रत कित्येक दशकं बेपत्ता होती आणि शेवटी सापडली ती स्पेनमध्ये. तेव्हा आधीच सांगून ठेवतो, कृष्णवर्णीयांनी स्वतः काढलेले सिनेमे संदर्भाला घ्यायच्या भानगडीत पडू नका. सापडत नाहीत.

बरं, युद्धपट काढायचा असेल तर ‘ग्लोरी’ (१९८९) समोर ठेवा. अमेरिकी यादवी युद्धातली कृष्णवर्णीय सैनिकांची ५४वी मॅसॅच्युसेट्स पलटण. गोष्ट कोणाची? गोऱ्या कर्नल शॉची, त्याच्या पत्रांसकट. सिनेमा चांगला आहे, मला आवडतो, नाही कशाला म्हणू? पण त्यातला वगळावगळीचा हात बघून ठेवा. या पलटणीत गुलामीतून पळून तिच्याविरुद्ध लढलेले पुढारी फ्रेडरिक डग्लस यांचे दोन मुलगे होते, त्यातला लुईस तर सार्जंट मेजर. पडद्यावर दोघांचाही पत्ता नाही. विल्यम कार्नी नावाच्या सार्जंटने फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात गोळ्या झेलत झेंडा सावरला, माघारी आणला, जगला, आणि १९०० साली त्याला मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकी सैन्यातला सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला. सिनेमात झेंडा उचलणारं पात्र काल्पनिक आहे आणि ते लगेच मरतं. बरोबरच आहे. झेंडा घेऊन परत आलेला माणूस पुढे बोलतो, आठवणी सांगतो, पटकथेतल्या चुका काढतो. मेलेल्याचा तसा त्रास नसतो.

पगाराचंही तसंच. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर. यांना १०, त्यातून कपड्यांचे ३ कापून हातात ७. या पलटणीने पगारच नाकारला, दीड वर्ष. घरी बायकापोरं उपाशी, आणि नवरा रणांगणावर फुकट लढतोय. एवढा लांबलचक हट्ट पडद्यावर दाखवायला वेळ कोणाला आहे? सिनेमात हे पाचेक मिनिटांत आटपतं आणि शेवटी कर्नलसाहेब स्वतःची पगाराची पावती फाडतात. फाडण्याचा आवाज छान येतो.

पोलिसी थरार हवा असेल तर ‘मिसिसिपी बर्निंग’ (१९८८). १९६४ च्या जूनमध्ये मतदार नोंदणीच्या मोहिमेतल्या तीन कार्यकर्त्यांचा खून झाला, एक कृष्णवर्णीय, दोन गोरे. सिनेमात त्यांची नावंही नाहीत, पण एफबीआयचे दोन गोरे अधिकारी मात्र असे तळमळतात की बघत राहावं. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात खऱ्या एफबीआयमधून मार्टिन ल्यूथर किंग यांना एक निनावी पत्र गेलं होतं, आत्महत्या करा असं सुचवणारं. ते सिनेमात घालू नका, अधिकाऱ्यांच्या तळमळीला बट्टा लागतो. आणि त्या तिघांना शोधताना मिसिसिपी नदीत आणखी दोन कृष्णवर्णीय तरुणांचे मृतदेह मिळाले, ते तर मुळीच नको. सोबत कोणी गोरा नव्हता, म्हणून तेव्हाच्या वर्तमानपत्रांनीही त्यांना फार जागा दिली नव्हती. परंपरा मोडणारे आपण कोण?

हे सगळं जड वाटत असेल तर मोटार घ्या. मोटारीवर माझा फार विश्वास आहे. १९९० साली ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. त्यात कृष्णवर्णीय ड्रायव्हर गोऱ्या म्हातारीला फिरवतो. त्या वर्षी कृष्णवर्णीय दिग्दर्शक स्पाइक ली यांच्या ‘डू द राइट थिंग’ला त्या गटात साधं नामांकनही नव्हतं. मग २०१९ उजाडलं, सुधारणा झाली: ‘ग्रीन बुक’मध्ये गोरा ड्रायव्हर कृष्णवर्णीय पियानोवादकाला फिरवतो. पुन्हा ऑस्कर. समोर हरणारा पुन्हा स्पाइक ली. कोणी कोणाची गाडी चालवली की मी हरतो, असं तो त्या रात्री म्हणाला. आता याला तंत्रशुद्ध अभ्यास म्हणत नाहीत तर काय?

‘ग्रीन बुक’मधला एक प्रसंग तर पाटीवर गिरवून घ्या. ड्रायव्हर टोनी गाडी चालवता चालवता तळलेली कोंबडी खातोय आणि मागच्या सीटवरच्या डॉन शर्लीला आग्रह करतोय. शर्ली नको नको म्हणतो, ताटली नाही म्हणतो, शेवटी दोन बोटांत धरून खातो आणि हाडूक खिडकीबाहेर भिरकावतो. दक्षिणेतल्या ज्या स्वयंपाकघरांमधून ही कोंबडी देशभर गेली, तिथे पिढ्यान् पिढ्या चुलीपुढे उभ्या होत्या कृष्णवर्णीय बायका. ती कशी खायची, हे शिकवायला आला ब्रॉन्क्समधला टोनी. शर्लीच्या भावाने या सिनेमाला खोटेपणाची सिंफनीच म्हटलं. त्याचं कशाला ऐकता? पटकथेच्या लेखकांत टोनीचा मुलगा होता, म्हणजे घरच्या माणसाला विचारलं होतं की. घर कोणाचं, एवढाच प्रश्न.

आणि ज्या पुस्तकाचं नाव सिनेमाला दिलं, ते? व्हिक्टर ग्रीन नावाचा हार्लेममधला एक पोस्टमन. कृष्णवर्णीय माणसाला प्रवासात कुठे जेवण मिळेल, कुठे खोली मिळेल, कुठल्या पंपावर हाकलून देणार नाहीत, याची यादी १९३६ पासून तो छापत होता. तीस वर्षं चाललेलं पुस्तक. सिनेमात ते ड्रायव्हरच्या हातात दिसतं, पानं उलटतात, झालं. पोस्टमनवर कोण सिनेमा काढणार? त्याच्याकडे मोटार होती का, तेही मला ठाऊक नाही.

एक धोक्याची सूचना इथेच देतो. एव्हा डुव्हर्ने या कृष्णवर्णीय दिग्दर्शिकेने किंग यांच्या मतदानहक्काच्या लढ्यावर ‘सेल्मा’ (२०१४) काढला आणि तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना थोडं आढेवेढे घेताना दाखवलं. त्याबरोबर इतिहासाचा असा काही पुळका उसळला! जॉन्सनचे जुने सहकारी लेख लिहू लागले, दस्तऐवज निघाले, सत्याशी खेळ चालणार नाही म्हणून ठणकावलं गेलं. एफबीआय तळमळली तेव्हा हे सत्य कुठे गावाला गेलं होतं कोण जाणे. बिचाऱ्या डुव्हर्नेंना तर किंग यांची भाषणंही वापरता आली नव्हती, सिनेमासाठीचे हक्क आधीच दुसरीकडे गेलेले. किंगवरचा सिनेमा, आणि किंगचे शब्द सोडून सगळं आहे.

आता पुरस्कारांचं बोलू, कारण शेवटी त्यासाठीच हा खटाटोप. हॅटी मॅकडॅनियल यांच्यापासून शिका. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) मधल्या मॅमी, म्हणजे गोऱ्यांच्या घरची गुलाम दाई. अटलांटात पहिला खेळ झाला तेव्हा जॉर्जियातल्या वेगळेपणाच्या कायद्यांमुळे त्या जाऊ शकल्या नाहीत. मात्र त्यानिमित्तच्या जलशात चर्चच्या कृष्णवर्णीय गायकवृंदाला गुलामांच्या वेशात गायला उभं केलं होतं, आणि त्यात दहा वर्षांचा एक मुलगा होता, मार्टिन ल्यूथर किंग नावाचा. ही गोष्ट पटकथेत लिहिली असती तर अतिरेक वाटतो म्हणून कापली असती.

पुढे फेब्रुवारी १९४० मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्या हॉटेलात ऑस्कर सोहळा झाला, तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. निर्मात्याने शब्द टाकला म्हणून बाईंना आत घेतलं, आणि भिंतीकडेला वेगळं टेबल दिलं. बाकीची मंडळी पुढे. नाव पुकारलं गेलं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय. केसांत पांढरी फुलं माळलेली, भिंतीजवळून निघून त्या सगळी टेबलं ओलांडत पुढे आल्या, रडत रडत बोलल्या, आणि परत जाऊन भिंतीशी बसल्या. सहायक भूमिकांना तेव्हा बाहुली देत नसत, चौकोनी पाटी देत. मरताना ती पाटी त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाला देऊ केली. तिथून ती हरवली. नवी मिळाली २०२३ साली. आणि अभिनयाचं ऑस्कर घ्यायला पुढची कृष्णवर्णीय स्त्री मंचावर चढली १९९१ मध्ये. रांग हळू सरकते, पण सरकते. तुमच्या नायिकेला सांगा, घाई करू नकोस.

पोस्टरचंही सांगून ठेवतो, कारण तिकडे नवशिके चुकतात. ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ (२०१३) हा सॉलोमन नॉर्थप नावाच्या स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसाला पळवून गुलाम केल्याचा सिनेमा, मुख्य काम चिवेटेल एजिओफोरचं. त्यात ब्रॅड पिट अगदी थोडा वेळ येतो. इटलीत लावलेल्या एका पोस्टरवर पिटचा भलामोठा चेहरा होता आणि खाली कोपऱ्यात पळणारा एजिओफोर, अंगठ्याएवढा. ओरड झाल्यावर ती पोस्टर्स मागे घेतली. मला विचाराल तर यात अप्रामाणिक काहीच नव्हतं. बाकीचे लोक हेच पटकथेत करतात, इटलीवाल्यांनी भिंतीवर केलं.

आपल्याकडे हे सिनेमे चालतील का, अशी शंका काढू नका. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना. १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी आपल्या संघटनेला दलित पँथर म्हटलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून. नातं जुनं आहे. शिवाय वस्तीत येणारा सहृदय मास्तर, त्याच्या खांद्यावर शबनम, आणि त्याच्यामुळे शिकलेलं वस्तीतलं एक पोर, हा ऐवज मराठी प्रेक्षकाला तोंडपाठ आहे. त्याला भाषांतराचीही गरज पडणार नाही.

आता शेवटचा धडा, आणि हा मन लावून घ्या. ‘हिडन फिगर्स’ (२०१६). नासातल्या कृष्णवर्णीय गणितज्ञ बायका. कॅथरिन जॉन्सनला ‘कलर्ड’ पाटीच्या स्वच्छतागृहासाठी उंच टाचांवर, हातात कागदांची भेंडोळी घेऊन, पावसात अर्धा मैल पळावं लागतं. मग एक दिवस तिचा गोरा साहेब, म्हणजे केव्हिन कॉस्नर, जातो आणि सगळ्यांसमोर ती पाटी ठोकून ठोकून खाली पाडतो. थिएटरात टाळ्या. मीही वाजवली, खोटं कशाला बोलू? डोळेसुद्धा पुसले.

असा साहेब नव्हताच. दोनतीन साहेब एकत्र कालवून तो बनवलाय. पाटी तोडल्याचा प्रसंगही घडलेला नाही. खरी कॅथरिन जॉन्सन जवळच्या, पाटी नसलेल्या स्वच्छतागृहात सरळ जात असे. कोणीतरी तक्रार केली, तिने लक्ष दिलं नाही, आणि जात राहिली. पळणं नाही, पाऊस नाही, साहेब नाही. यात कॅमेरा तरी कुठे लावायचा?

पाटीची एक खरी गोष्ट मात्र आहे. कॅथरिन पुढे जिथे कामाला लागली, त्या लँग्लीच्या प्रयोगशाळेतल्या कॅन्टीनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मागच्या एका टेबलावर पुठ्ठ्याची पाटी असायची: ‘कलर्ड कम्प्युटर्स’. कम्प्युटर म्हणजे तेव्हा आकडेमोड करणाऱ्या बायका. मिरियम मान नावाची चणीने छोटीशी बाई जेवायला आली, पाटी उचलली आणि पर्समध्ये टाकली. काही दिवसांनी नवी पाटी आली. तीही पर्समध्ये. पुन्हा आली, पुन्हा गेली. नवरा म्हणाला, अगं, काढून टाकतील तुला. काढू देत, म्हणाली. शेवटी एक दिवस पाटी यायचीच बंद झाली.

ही गोष्ट तुमच्या पटकथेत चुकूनही घेऊ नका. साहेबाला काही कामच उरत नाही. आणि पाटी पर्समध्ये गेल्यावर आवाज होऊन होऊन किती होणार? फार तर पर्स बंद केल्याचा.