ते ९४.७ टक्के आणि आमच्या गावचा कोयता

सकाळपासून गावच्या ग्रुपवर एक रंगीत तक्ता फिरायलाय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण २०१९-२१, महाराष्ट्रात दवाखान्यातली बाळंतपणं ९४.७ टक्के, देशात ८८.६. खाली टाळ्याच टाळ्या. बरंय, आकडा वाढलाय, नाही कोण म्हणतंय. पण उरलेल्या पाच टक्क्यांत कोण असतं हे एकानंबी विचारलं नाही, आणि टाळ्या वाजवणारे सगळे बीड जिल्ह्यातले, जिथनं घरंच्या घरं दुसऱ्या जिल्ह्यात ऊसतोडीला जातात!

माझी वहिनी आशा वर्कर आहे. तिच्या वहीत एक पहिलटकरीण होती, सहावा महिना. नवऱ्यानं ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, मग काय, ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघांनी जायलाच पाहिजे. वहिनीनं लई समजावलं, इथं सासूपाशी रहा म्हणून, तर सासूच टोळीत निघालेली. पुढं तारीख जवळ आली तशी वहिनी मुकादमाला फोन लावत बसायची, शेवटी एकदाचा लागला. "झाली की बाळंत ताई, उसाच्या फडातच, दोघंबी बरे हायत." नाळ कशानं कापली हे विचारायच्या आत फोन कट.

आता हे बाळंतपण लिहायचं कुठं? आमच्या उपकेंद्राच्या सिस्टर म्हणल्या आपल्यात नका धरू, ते दुसऱ्या जिल्ह्यात झालंय. तिकडचे कशाला लिहितील, ती त्यांच्या गावची नाहीच. शेरा मारला 'स्थलांतरित', विषय संपला.

कुणी म्हणेल सर्वेक्षण रजिस्टरवर चालत नाही, घरोघर जाऊन मागच्या पाच वर्षांचं विचारतात. मान्य. दाराला कुलूप असलं की कुणाला विचारणार ते सांगा.

आणि खरा राग इथंच येतो. हजार माणसांमागं एक आशा, पाच हजारांमागं उपकेंद्र, तीस हजारांमागं प्राथमिक आरोग्य केंद्र, हे सगळं लोकसंख्येवर ठरतं. २०११ च्या जनगणनेत माणसं मोजली कधी, तर ९ ते २८ फेब्रुवारी. फेब्रुवारीत! कारखान्यांच्या ऐन गाळपात, आमची घरंच्या घरं तिकडं उसाच्या पाचटाच्या कोप्यांत, म्हणजे झोपड्यांत. म्हणजे इथं माणसं कमी भरली, आणि तिकडं कोपीवर कोणती आशा फिरती हो?

मोजता येत नाही असंबी नाही. २०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण पेपरात गाजलं तेव्हा सरकारनं समिती नेमलीच ना, बायकांना विचारलंच ना.

वहिनीला मात्र मी काही बोलू शकत नाही. पोरगी पाडव्याच्या आसपास लेकरू घेऊन परत आली तर कार्ड नाही, लसीचा पत्ता नाही, वहिनीच तिला गाडीवर बसवून घेऊन गेली. त्या फेरीचे पैसे कोणत्या रकान्यात बसत नाहीत. २०२२ ला जागतिक आरोग्य संघटनेनं आशांचा सन्मान केला, त्याचा फोटो तिनं स्टेटसला ठेवला होता, भोळी आहे बिचारी.

कारखान्याच्या काट्यावर कोणत्या टोळीचा किती ऊस आला ते किलोपर्यंत लिहिलेलं असतं. त्याच टोळीत पोटुशी बाई कोण, कितवा महिना, एवढी यादी जवळच्या आरोग्य केंद्राला द्यायला नेमकं काय आडवं येतं? कारखान्यात किंवा झेडपीत कुणी असेल तर खाली लिहा, नुसते अंगठे नका टाकू.