माझदाचं सगळं उसनं म्हणे!

परत तो मेसेज आला. आतापर्यंत पाच-सहा जणांनी पाठवला असेल आणि प्रत्येकाच्या खाली तोच प्रश्न, हे खरंय का रे? मेसेज असा की माझदा ही जपानी कंपनी म्हणजे सगळा उसना कारभार. नाव बल्बवाल्यांचं ढापलेलं, गाड्या मुळात फोर्डच्या, रोटरी इंजिन जर्मनांचं आणि तेही ५० हजार किलोमीटरात बसणारं, ले मान्सची २४ तासांची शर्यत जिंकले ते वजनाच्या सवलतीवर आणि मग म्हणे भीतीने रोटरीवर बंदी घातली, गाड्या गंजतात, घेणारे पस्तावतात, आणि आता उरलंसुरलं टोयोटाने गिळलं. एका दमात एवढं सगळं, खाली हात जोडलेला इमोजी.

मी काही कंपनीचा वकील नाही. यातल्या दोन-तीन गोष्टी बऱ्यापैकी खऱ्या आहेत आणि त्या मी खऱ्याच म्हणणार. पण बाकीचं वाचून डोकं फिरतं म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नावापासून सुरू करू. माझदा नावाचे बल्ब होते हे खरं, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने १९०९ पासून विकले. पण बल्बवाल्यांनी तरी ते नाव कुठून आणलं? अहुर मझ्द, पारशी धर्मातला देव. देवाचं नाव दोघांनी घेतलं तर एकाने दुसऱ्याचं ढापलं असं होतं का? शिवाय इथे संस्थापकाचं आडनाव मात्सुदा, जुजिरो मात्सुदा, आणि जपानमध्ये कंपनीचं नाव आजही मात्सुदा असंच लिहितात आणि म्हणतात. म्हणजे देव पण झाला आणि आडनाव पण झालं. कंपनी सुरू झाली १९२० मध्ये हिरोशिमात, आणि तेव्हा ती चक्क बूच बनवायची, तोयो कॉर्क कोग्यो. मग मशीन टूल्स, मग १९३१ ला तीनचाकी मालवाहू गाडी, तिचं नाव माझदा-गो. आता गंमत बघा, सुरुवातीला ही तीनचाकी मित्सुबिशीच्या व्यापारी कंपनीमार्फत विकली जायची आणि तिच्यावर मित्सुबिशीचे तीन हिरेसुद्धा असायचे. उसनंच शोधायचं होतं तर हे सापडायला हवं होतं ना, बल्ब कसले धरून बसलात.

मुद्द्यात बसत नाही पण सांगतोच. ६ ऑगस्ट १९४५ ला, मात्सुदांच्या ७०व्या वाढदिवशी, शहरावर अणुबॉम्ब पडला. कारखाना स्फोटाच्या मध्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर आणि मध्ये हिजियामा टेकडी, त्यामुळे इमारती बऱ्याचशा वाचल्या. मग प्रांताचं सरकारी कामकाजसुद्धा काही महिने त्याच आवारातून चाललं आणि डिसेंबरात तीनचाक्या परत बाहेर पडायला लागल्या.

आता फोर्ड. यात खरं इतकंच की फोर्डने १९७९ ला साधारण २५ टक्के हिस्सा घेतला, १९९६ ला तो ३३.४ टक्के केला आणि हेन्री वॉलेस यांना अध्यक्ष म्हणून बसवलं, जपानी कार कंपनीचा पहिला परदेशी अध्यक्ष. ही वेळ माझदाने स्वतःच ओढवून घेतली होती, ८०च्या दशकाच्या शेवटी जपानात पैशाचा पूर आला तेव्हा हे एकट्या देशात पाच वेगवेगळ्या शोरूम साखळ्या काढून बसले, माझदा, ऑटोझॅम, युनोस, एफिनी, ऑटोरामा, आणि पूर ओसरल्यावर एवढ्या नावांखाली विकायचं काय आणि कर्ज फेडायचं कशातून हा प्रश्न उरला. तर पैसा आणि खुर्ची फोर्डची, कबूल. पण "गाड्या मुळात फोर्डच्या" हे तर बरंचसं उलटं आहे राव. फोर्ड लेझर म्हणजे माझदा ३२३. १९९१ ची अमेरिकन एस्कॉर्ट त्याच ३२३ च्या सांगाड्यावर. फोर्ड कुरियर पिकअप म्हणजे माझदाची बी-सिरीज. २००६ ची फ्युजन माझदा ६ च्या सांगाड्यावर. फोर्डची कितीतरी वर्षं चाललेली चार सिलिंडरची पेट्रोल इंजिनं माझदाने काढलेल्या इंजिनातून आलेली. आणि फोर्डची स्पोर्ट्स कार प्रोब! प्रोबखाली माझदाचाच सांगाडा होता, ती मुळात पुढची मस्टँग म्हणून यायची होती, मस्टँगच्या चाहत्यांनी पत्रांचा भडिमार केला म्हणून तिला वेगळं नाव मिळालं आणि मस्टँग वाचली. आता ती मस्टँग बनते कुठे, तर मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकला, जो कारखाना १९८७ ला माझदाने सुरू केला होता.

उलट दिशेनेही झालं, नाही असं नाही. अमेरिकेतली माझदा नवाहो म्हणजे फोर्ड एक्सप्लोररच, आणि १९९४ पासून तिकडची बी-सिरीज पिकअप म्हणजे फोर्ड रेंजर. दोघांनी एकमेकांचे डबे खाल्ले. फोर्डने २००८ पासून हिस्सा विकायला काढला आणि २०१५ ला उरलेलाही विकून टाकला, त्यामुळे आजच्या गाड्यांना फोर्डच्या म्हणणं म्हणजे घटस्फोट होऊन मूल शाळेत जायला लागलं तरी सासरचं नाव लावण्यासारखं आहे.

रोटरीवर जरा वेळ घेणार, कारण इथे मेसेजवाल्याला अर्धंच माहीत आहे आणि ते अर्धं खरं आहे. रोटरी म्हणजे वरखाली होणाऱ्या पिस्टनऐवजी आत तिकोनी रोटर फिरणारं इंजिन. ते फेलिक्स वँकेलचं, जर्मन एनएसयू कंपनीचं, माझदाने १९६१ ला लायसन्स घेतलं, पैसे मोजून घेतलं. का घेतलं हे महत्त्वाचं. त्या वेळी जपानच्या उद्योग मंत्रालयाला छोट्या कार कंपन्या मोठ्यांत विलीन करायच्या होत्या आणि अध्यक्ष त्सुनेजी मात्सुदांना कळलं होतं की आपल्याकडे दुसऱ्याकडे नाही असं काहीतरी नसेल तर आपण संपलो. म्हणजे जे इंजिन "उसनं" म्हणून दाखवताय ते कुणाच्या पोटात जायला नको म्हणून घेतलेलं.

आणि जे मिळालं ते चालतच नव्हतं हो. रोटरच्या तीन टोकांवर सील असतात, ते आतल्या भिंतीवर घासत फिरतात, आणि थरथरून भिंतीवर आडवे ओरखडे पाडायचे, इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. केनिची यामामोतो आणि त्यांची ४७ जणांची टीम याच्यामागे लागली आणि शेवटी कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवलेले सील बनवून तो प्रश्न सुटला. १९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट आली, दोन रोटरची. त्याच वर्षी एनएसयूने स्वतःची रोटरी गाडी आरओ ८० काढली आणि तिच्या वॉरंटीच्या भानगडीत मूळ मालकाचंच दिवाळं वाजायची वेळ आली, १९६९ ला कंपनी फोक्सवॅगनकडे गेली. लायसन्स तर जनरल मोटर्सनेही घेतलं, सिट्रोएनपण त्यात होती, सिट्रोएनने तर विकलेल्या रोटरी गाड्या परत घेऊन भंगारात घातल्या. माझदाने जवळपास २० लाख विकल्या. उसनं घेतलेलं बी ज्याच्या शेतात उगवलं पीक त्याचंच म्हणायचं की नाही?

५० हजार किलोमीटरचं काय मग? माझदाच्या रोटरी स्पोर्ट्स कार आरएक्स-८ बद्दल असेल तर मी फार भांडणार नाही. ही २००३ ते २०१२ ची गाडी, तिच्या इंजिनाच्या तक्रारी इतक्या झाल्या की अमेरिकेत कंपनीला इंजिनाच्या मुख्य भागाची वॉरंटी वाढवून ८ वर्षं किंवा १ लाख मैल करावी लागली, उगाच कोण वाढवतं? पण जुने मालक काय सांगतात ते पण ऐका. रोटरी तेल पितेच, बिघडली म्हणून पीत नाही, सील ओले राहावेत म्हणून थोडं थोडं तेल आतच सोडलेलं असतं. म्हणून दर दोन टाक्यांमागे डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, बघायची असते, आणि साध्या गाडीसारखं सर्व्हिसिंगलाच बघू म्हणणाऱ्याचं इंजिन कोरडं पडतं. दुसरं म्हणजे ठिणगीसाठी वीज देणाऱ्या इग्निशन कॉइल. त्या थकतात, पेट्रोल नीट जळत नाही, न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापतो, तुंबतो, ती उष्णता मागे येते आणि मग सील जातात. वेळेवर कॉइल बदलल्या असत्या तर इंजिन वाचलं असतं असे कितीतरी किस्से आहेत. गाडी थंड असताना पार्किंगमध्ये दोन मिनिटं हलवून बंद केली की पेट्रोलने भरून परत सुरू होत नाही, ही आणखी एक तऱ्हा. तर नाजूक आहे, लाडावलेली आहे, हो. पण आधीच्या बिनटर्बोच्या आरएक्स-७ पुष्कळ टिकल्या, त्यानंतरची दोन टर्बोवाली मात्र उष्णता आणि व्हॅक्यूमच्या पायपांच्या जंजाळामुळे, ज्याला तिचे मालकच उंदराचं घरटं म्हणतात, परत त्रासदायक. म्हणजे एकच आकडा सगळ्या रोटरींना चिकटवता येत नाही.

पेट्रोल मात्र ढोसते, त्यात वाद नाही, १९७३ च्या तेलसंकटात कंपनी त्यापायीच बुडता बुडता राहिली. सुमितोमो बँकेने हात दिला, कारखान्यातले कामगार शोरूमला गाड्या विकायला पाठवले.

ले मान्सचं थोडक्यात. १९९१, गाडी ७८७बी, ५५ नंबर, चार रोटर, ३६२ फेऱ्या, चालक वायडलर, हर्बर्ट आणि गाशो. वजनाची सवलत होती, हे खरं, माझदा ८३० किलोवर धावली आणि मर्सिडीज, जॅग्वार १००० किलोवर. पण नियमात मागून घेतलेली सवलत होती, चोरून नाही, आणि पुढे असलेली मर्सिडीज शेवटच्या काही तासांत बिघडून थांबली तेव्हा २४ तास न थांबता कोण पळत होतं? हर्बर्ट तर उतरल्यावर शरीरातलं पाणी कमी होऊन कोसळला, पोडियमवर जाताच आलं नाही त्याला. आता बंदी. ही गोष्ट मेसेजवाल्यांपेक्षा चाहतेच जास्त छाती फुगवून सांगतात, आमच्याने जिंकलं म्हणून बंदी घातली, आणि ती चूक आहे. साडेतीन लिटरच्या साध्या पिस्टन इंजिनांचा नियम आधीच ठरलेला होता, गाड्या कमी पडत होत्या म्हणून जुन्यांना १९९१ ला पण येऊ दिलं. माझदा घाईला आली होती ती म्हणूनच. निकाल लागायच्या आधीचा नियम निकालामुळे कसा येईल?

मालक पस्तावतात का. बघा, पहिल्या पिढीची माझदा ३ आणि त्या काळच्या माझदा ६, चाकांवरच्या कमानी, मीठ टाकलेले हिवाळी रस्ते, गंज. हे खरं आहे आणि ज्याने ती गाडी घेतली होती त्याच्याशी वाद घालू नका. पण २०१२ च्या सीएक्स-५ पासून पुढच्या गाड्यांवर तोच शिक्का मारणं बरोबर नाही. फोर्ड हिस्सा विकून बाहेर पडत असताना यांनी इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सगळं नव्याने केलं, १४ ला १ कॉम्प्रेशनची, म्हणजे मिश्रण खूप दाबून जाळणारी पेट्रोल इंजिनं, आणि बरेच जण ठरावीक गिअर नसलेल्या सीव्हीटी ऑटोमॅटिककडे पळत असताना साधा सहा गिअरचा ऑटोमॅटिक ठेवला. त्याचं फळ असं की २०२० मध्ये अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहक मासिकाच्या भरवशाच्या यादीत माझदा पहिली आली, टोयोटा-लेक्ससच्या पुढे. पुढच्या वर्षी लेक्ससने जागा परत घेतली ते सोडा. मालक बोलतात ते बहुतेक स्टिअरिंगबद्दल आणि आतल्या फिनिशबद्दल, आणि शिव्या घालतात मागच्या सीटच्या जागेला, पातळ रंगाला, खडे लागून लाल रंगाचे टवके उडतात म्हणे. स्क्रीनवरून तर दोन तट आहेत, २०१९ च्या माझदा ३ मध्ये टच काढून गोल बटण दिलं ते काहींना देवासारखं वाटतं, काहींना डोकेदुखी, आणि २०२५ ला दाखवलेल्या नव्या सीएक्स-५ मध्ये कंपनीच परत मोठ्या टचस्क्रीनवर गेली, घ्या!

खरे दोष हवे असतील तर मी देतो, मेसेजपेक्षा चांगले. २०१९ ला अमेरिकेत २ लाख ६२ हजार गाड्या सिलिंडर बंद करणाऱ्या प्रणालीच्या सॉफ्टवेअरसाठी परत बोलावल्या. अडीच लिटर टर्बोच्या काही इंजिनांत सिलिंडर हेडला तडा जाऊन कूलंट गळतं. डिझेलमध्ये छोट्या फेऱ्या मारणाऱ्यांचा काजळीने जीव घेतला. ऑस्ट्रेलियात ग्राहकांना त्यांच्या हक्कांबद्दल दिशाभूल करणारी माहिती दिली असा निकाल तिथल्या फेडरल कोर्टाने २०२१ ला दिला. २०२४ च्या जूनमध्ये जपानात प्रमाणपत्राच्या चाचण्यांतली गडबड बाहेर आली, त्यात टोयोटा, होंडाबरोबर माझदाही होती. यातलं एक पण मेसेजमध्ये नाही, तिथे बल्ब आहे.

राहिलं टोयोटा. २०१७ च्या करारात टोयोटाने घेतला ५.०५ टक्के हिस्सा, माझदाने टोयोटाचा ०.२५ टक्के. अलाबामात दोघांचा कारखाना आहे, निम्मा निम्मा. युरोपातली माझदा २ हायब्रिड म्हणजे सरळ सरळ टोयोटा यारिसच आहे, तिथे मेसेज बरोबर, फक्त त्याच्या आधी अमेरिकेत यारिस नावाने विकलेली सेडान मुळात माझदा २ होती, मेक्सिकोत माझदाच्या कारखान्यात बनलेली. आणि २०२२ पासून यांनी गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनाचा, मागच्या चाकांना ताकद देणारा नवा सांगाडा काढला आणि त्यात नवंकोरं ३.३ लिटर सहा सिलिंडरचं इंजिन टाकलं, सीएक्स-६० च्या मागच्या सस्पेन्शनने मालकांची कंबर हलवली ते वेगळं. पाच टक्केवाल्याने गिळलेली कंपनी टोयोटाच्या पैशाने, टोयोटाला न विचारता, टोयोटाला नको असलेलं असलं इंजिन काढते, असं मेसेजवाल्याला म्हणायचंय का?