उचलून नेतो म्हणणाऱ्यांनी जरा थांबून ऐका

आमच्या कट्ट्यावर विषय निघाला अभ्यासिकेवरून. आमचा सोन्या राज्यसेवेची तयारी करतोय, व्हीलचेअर वापरतो, आणि पुण्यात पेठेतल्या ज्या अभ्यासिकेत त्याला बसायचंय ती जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि तळमजल्यावर शिरायलाच तीन पायऱ्या. मालक माणूस वाईट नाही हो, तो म्हणाला फी निम्मी करतो, नोट्स व्हॉट्सअॅपवर टाकतो, तू घरी बसून अभ्यास कर. हे ऐकून अण्णा म्हणाले, "मग अजून काय करायचं बिचाऱ्याने?" आणि तिथून जे पेटलं ते चहाचे दोन राउंड झाले तरी विझलं नाही.

सोन्या म्हणाला, "अण्णा, घरी बसून होत असतं तर ही अख्खी पेठ रिकामी असती ना. परभणीची, जतची पोरं इथं कॉट बेसिसवर राहतात ती काय टेबलखुर्चीसाठी? शेजारचा काय वाचतोय ते दिसतं, चहाला उठलं की चालू घडामोडींवर दोन मुद्दे कळतात, कुणाचा इंटरव्ह्यू झाला असेल तर तो येऊन सांगतो काय काय विचारलं. ते सगळं वर चालणार आणि मला काय, तर सवलत. एसटीत पण तेच, तिकिटात सवलत आहे पण पहिली पायरीच एवढी उंच की मी चढू कसा ते सांगा."

बापू छोटी छोटी बांधकामं घेतो, मनाने एकदम मोकळा माणूस. तो लगेच म्हणाला, "अरे मग आम्ही चौघं कशाला आहोत, सकाळी उचलून वर सोडतो, रात्री खाली आणतो, हाय काय अन् नाय काय." मनापासून म्हणाला तो, आणि खरंच नेलंही असतं रोज, यात मला शंका नाही.

सोन्या म्हणाला, "आणि दुपारी बाराला लघवीला जायचं झालं तर? टॉयलेट खाली आहे. तुला साइटवरनं बोलावू? बापू, कॉलेजात मी तीन वर्षं काय केलंय माहितीये का, सकाळपासून पाणीच प्यायचो नाही. युरिन इन्फेक्शन झालं, डॉक्टरने झापलं, तरी दुसऱ्या दिवशी परत तेच, कारण उचलणारे कधी मोकळे असतील त्यावर माझं सगळं ठरायचं."

बापूने काही उत्तर दिलं नाही. मला वाटतं हा मुद्दा सगळ्यांनीच नीट डोक्यात घ्यायला पाहिजे, की उचलून नेणं ही मदत दिसते पण त्यात त्या माणसाचं येणं, जाणं, तहान सगळं दुसऱ्याच्या हातात जातं, आणि पंचवीस वर्षांच्या पोराला रोज असं जगायला लावणं याला सोय म्हणायचं कसं?

मग दीदी बोलली. तिला अगदी थोडं दिसतं, बँकेत आहे, मोबाईल टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून सांगणाऱ्या सोयीवर, वापरते. ती म्हणाली, व्हीलचेअर वापरणाऱ्या विराली मोदींचं आठवत नाही का तुम्हाला, ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारला विवाह नोंदणीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाही, आणि स्वतःच्या लग्नाच्या दिवशी त्यांना व्हीलचेअरसकट जिन्याने वर न्यावं लागलं. नंतर खुद्द तेव्हाचे उपमुख्यमंत्री फडणवीसांनी माफी मागितली. आणि त्याच विराली मोदींनी २०१७ मध्ये रेल्वेसाठी ऑनलाइन याचिका केली होती, त्यात त्यांनी उघड लिहिलं होतं की गाडीत उचलून चढवताना हमालांनी अंगाला नको तिथे हात लावले. "म्हणून सांगते बापू, तू चांगला आहेस, पण उचलणारा दर वेळी बापूच असेल याची गॅरंटी कोण देणार? मला तर रस्ता क्रॉस करतानासुद्धा न विचारता दंड धरून ओढणारे भेटतात."

अण्णा सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांना खर्चाची बाजू दिसणारच आणि ती दिसूही नये असं माझं म्हणणं नाही. ते म्हणाले, "कायदा वगैरे सरकारी ऑफिसला. हा खाजगी माणूस, भाड्याची जागा, असे किती जण येतात त्याच्याकडे? एकासाठी खर्च केला तर तो फी वाढवून बाकीच्या पोरांकडूनच काढणार."

इथे दीदीने कायदाच काढला. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खाजगी, लोक जिथे जातात-येतात ती, शिक्षणाची, धंद्याची, कामाची, सगळी धरलीये. म्हणजे अभ्यासिका आली, क्लास आला, हॉटेल आलं. नवीन बांधकामाला सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल असा, नकाशा नसेल तर परवानगी द्यायची नाही असं लिहिलंय, आणि जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती, नियम आले जून २०१७ ला, म्हणजे २०२२ लाच मुदत संपली. कायदा मोडला तर पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, परत मोडला तर ५० हजार ते ५ लाख.

"मग होत का नाही?" हे मी विचारलं. तर त्याचं एक कारण खुद्द सुप्रीम कोर्टातच निघालं. राजीव रतुरी म्हणून दृष्टिहीन गृहस्थ, त्यांची यावरचीच याचिका २००५ ची, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कोर्टाने सांगितलं की कायदा म्हणतो करायलाच पाहिजे आणि सरकारचा १५ नंबरचा नियम बोट दाखवतो मार्गदर्शक सूचनांकडे, ज्या पाळल्या तर पाळल्या, हे चालणार नाही, तीन महिन्यांत सक्तीचे नियम करा. म्हणजे जवळपास वीस वर्षं कोर्टात गेल्यावर कुठे एवढं ठरतंय की "करावे" नाही, "करायलाच हवे". एवढ्या काळात शाळेत गेलेलं पोर नोकरीला लागायला हवं, आणि आपल्याकडे ते अजून पायरीपाशी थांबलंय, मला याचा खरंच संताप येतो.

किती जण येतात यावर सोन्या म्हणाला की २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग, महाराष्ट्रातच ३० लाखांच्या आसपास, आणि आता कायद्यात २१ प्रकार आहेत, तेव्हा मोजताना एवढे धरलेच नव्हते. "पायऱ्या आहेत म्हणून आम्ही येत नाही, आणि आम्ही येत नाही म्हणून तुम्ही पायऱ्या ठेवता, मग मोजणार कुठून?" मी मध्येच म्हणालो की रॅम्प झाला तर म्हाताऱ्या माणसांना, बाबागाडीवाल्यांनाही बरं पडेल. तर दीदी म्हणाली, "खरंय ते, पण नेहमी आजीचे गुडघे पुढे का करायचे? त्याला एकट्याला आत जायचंय हे कारण पुरेसं नाही का?" मला हे पटलं.

बापू म्हणाला रॅम्प मी फुकट टाकून देतो, दोन दिवसांचं काम, तीन पायऱ्यांवर पाच फुटांचा उतार. सोन्याने लगेच हिशोब मांडला. नियमाने उतार एकास बारा, म्हणजे एक इंच उंचीला एक फूट लांबी, इतकं सोपं आहे ते. सहा-सहा इंचाच्या तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच, म्हणजे अठरा फूट रॅम्प. पाच फुटांत केला तर ती घसरगुंडी, वर जाताना खुर्ची मागे उलटते आणि खाली येताना सरळ रस्त्यावर. बापू म्हणाला अठरा फूट जागा कुठाय तिथे? मग दोघांनी कट्ट्यावरच खडूने आखलं, भिंतीला लागून नऊ फूट, वळायला सपाट जागा, परत नऊ फूट, कठडा दोन्ही बाजूला. बापूने आजवर तीन-चार ठिकाणी रॅम्प टाकलेत, तो म्हणाला की उतार किती हवा हे त्याला एकाही मालकाने विचारलं नाही आणि वापरणारा माणूस तर समोर कधी आलाच नाही. गावोगावच्या ऑफिसांत दारापुढे जे उभेच्या उभे रॅम्प दिसतात ते असेच झालेत, फोटोपुरते.

फूटपाथच्या खांबांचंही तेच. दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब रोवतात, ठीक आहे, पण मध्ये व्हीलचेअर निघेल एवढं तरी मोकळं पाहिजे. अण्णा म्हणाले तेवढं सोडलं तर स्कूटर पण घुसते, आणि हे खरंय, सोपं नाहीये. पण मग स्कूटरवाल्याला दंड करा ना, त्याच्यापायी सोन्याने रस्त्यावरून बसच्या मागे खुर्ची का ढकलायची?

दीदीचं वेगळंच दुखणं. तिच्यासाठी पायरी मोबाईलमध्ये आहे. केवायसी, म्हणजे बँकेची ओळख-तपासणी, करताना फोन म्हणतो चेहरा गोलात आणा आणि डोळे मिचकावा, ज्याला गोल दिसत नाही त्याने काय करायचं? अॅसिड हल्ला झालेल्या ज्या मुलींना पापणी मिटताच येत नाही त्यांना तर खातंच उघडता येईना, त्यातल्या प्रज्ञा प्रसून सुप्रीम कोर्टात गेल्या आणि एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, केवायसीचे नियम बदला. दीदीचं म्हणणं, अॅप बाजारात यायच्या आधी आमच्यातल्या चार जणांच्या हातात द्या, पगार देऊन तपासायला लावा, चुका एका दुपारी सापडतील.

अण्णांनी शेवटचं ठेवलेलं काढलं, "पण तुम्हाला ४ टक्के आरक्षण आहे की." सोन्या चिडला नाही. म्हणाला, आहे, आणि ते हवंच, पण जागेवर नाव राखून ठेवायचं आणि तिथपर्यंतचा जिना तसाच ठेवायचा याला अर्थ काय? उल्हासनगरच्या प्रांजल पाटील पूर्ण दृष्टिहीन, २०१५ च्या यूपीएससीत पास झाल्या तरी रेल्वेच्या सेवेत दिसत नाही म्हणून घेतलं नाही, परत बसल्या, १२४ वा नंबर काढून आयएएस झाल्या. "सगळ्यांनी दोनदा जिंकायचं का?"

अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले आधी मालकाशी बोलू, लगेच तक्रार नको. दीदी म्हणाली बोला, पण लेखी. शेवटी मागणी ठरली ती लिफ्टची नाहीच. तळमजल्यावर मालकाचं ऑफिस आहे ती खोली मोठी आहे, तिथे सहा टेबलं लावायची, फक्त सोन्यासाठी कोपरा नाही तर इतर पोरंही तिथे बसतील, आठवड्याची चर्चा खालीच घ्यायची, टॉयलेटचं दार रुंद करायचं, आणि रॅम्प बापू टाकणार पण माप सोन्या बघणार. फी पूर्ण, निम्मी नाही, हे सोन्याने हट्टाने लिहायला लावलं. महिन्यात उत्तर नाही आलं तर दिव्यांग आयुक्तांकडे अर्ज, ऑफिस पुण्यातच आहे. महिना की पंधरा दिवस यावर अण्णा आणि दीदीचं अजून जमलेलं नाही, पण पत्र अण्णाच टाइप करून आणणारेत आणि खाली आम्ही सगळे सह्या करतोय.