उजवा दिवा लावला म्हणजे रस्ता तुझ्या नावावर झाला का?

रविवारी संध्याकाळी महेश्वरहून इंदूरला परत येताना मानपूरच्या पुढे एका ट्रेलरने आम्हाला दुभाजकात घातलंच होतं. गाडीत मी, बायको, मागे आई आणि आठ वर्षांची मुलगी. आज बुधवार आहे आणि अजून माझं डोकं शांत होत नाही.

ट्रेलर डाव्या लेनमध्ये, वेग पन्नास-पंचावन्न, उजवा इंडिकेटर चालू. आता या आग्रा-मुंबई रस्त्यावर नेहमी गाडी चालवणाऱ्या कोणालाही विचारा, त्या दिव्याचा अर्थ काय? एक ट्रकवाला तो लावतो तेव्हा त्याला सांगायचं असतं, "रस्ता मोकळा आहे, काढ पुढे." दुसरा तोच दिवा लावून सांगतो, "मी उजवीकडे येतोय, मागेच थांब." तिसऱ्याचा धामनोदपासून चुकून चालू राहिलेला असतो. एकाच दिव्याचे दोन अगदी उलटे अर्थ, आणि कोणता खरा ते मागच्याने ओळखायचं! चुकलं तर मरायचंही मागच्यानेच.

मी घाई केली नाही. हॉर्न दिला, डिपर दिला, दहा-बारा सेकंद मागे राहून बघितलं. तो सरळच चालला होता. तेव्हा गाडी पुढे काढली. त्याच्या निम्म्या लांबीपर्यंत पोचलो आणि त्याने स्टिअरिंग फिरवलं. ब्रेकवर उभाच राहिलो म्हणा ना. दुभाजकातल्या कण्हेरीच्या फांद्या खिडकीवर सपासप आपटल्या, उजवा आरसा मिटून काचेवर आदळला. आई ओरडलीसुद्धा नाही. तिने नातीच्या डोक्यावर हात धरला होता, तो राऊ येईपर्यंत काढला नाही.

सोनवायच्या टोलवर तो शेजारच्या रांगेत सापडला. मी उतरून गेलो. "लाइट तो दी थी ना भैया," तो म्हणाला. पंचविशीचा पोरगा असेल, डोळे लाल. आवाजात मग्रुरी नव्हती, पण चूक झाली असंही त्याला वाटत नव्हतं. दिवा लावला, त्याचं काम संपलं. पुढचं बघायची जबाबदारी माझी. त्याच्या गाडीचा उजवा आरसा धुळीने पांढराफटक झाला होता. डावीकडे आरसाच नव्हता, नुसता लोखंडी दांडा.

अरे, इंडिकेटर म्हणजे परवानगी नव्हे! आधी आरसा, मग दिवा, मग थोडं थांबायचं, पुन्हा आरसा, आणि बाजूला कोणी नसेल तरच वळायचं. लायसन्सच्या परीक्षेत हेच विचारतात. आणि मागच्याला "पुढे जा" सांगायचं असेल तर त्याची खूण वेगळी होती. १९८९च्या वाहतूक नियमांत ती लिहिलेली होती: उजवा हात खिडकीबाहेर आडवा काढून पुढे-मागे अर्धवर्तुळात हलवायचा. माझ्या लहानपणी ट्रकवाले असाच हात दाखवायचे, काका तो बघूनच ॲम्बॅसेडर पुढे काढायचे. तो हात गेला आणि त्याचं काम उजव्या दिव्यावर येऊन पडलं.

आणि ही लेन बदलायची कशासाठी, तेही बघा. पुढचा ट्रक ५८ने चाललाय, याला ६२ने जायचंय. फरक ताशी चार किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला जेमतेम एक मीटर. दोन्ही गाड्यांची लांबी आणि मधलं अंतर धरून पन्नास मीटर पुढे सरकायचं तर पाऊण मिनिट लागतं, आणि तेवढ्यात रस्ता संपतो पाऊण किलोमीटर. इतका वेळ उजवी लेन बंद. याच रस्त्यावरच्या गणेश घाटाच्या चढावर तर दोघेही रांगतात आणि तरी एकाला दुसऱ्याच्या पुढे जायचंच असतं. याच घाटात उताराला ब्रेक फेल होऊन इतकी माणसं गेली की शेवटी रस्ता वेगळा काढावा लागला. तरीसुद्धा शिस्त नाही म्हणजे नाही.

मला सगळ्यात जास्त चीड येते ती सल्ला देणाऱ्यांची. "आपण डिफेन्सिव्ह चालवायचं," हे ऑफिसातल्या तिघांनी मला सोमवारी सांगितलं. चालवतोच की मी! ऐंशीच्या वेगाला तीन सेकंदांचं अंतर म्हणजे साधारण ६५ मीटर. ते सोडून बघा इंदूरच्या बायपासवर. राला मंडळपाशी तुम्ही ते सोडलंत की तिथे ट्रक घुसलाच. मग त्याच्यामागे पुन्हा अंतर सोडा, तिथे दुसरा. मी जपून चालवतो म्हणून जागा होते आणि ती जागा दिसली की तो न बघता येतो. माझ्या खबरदारीच्या भरवशावर तो बेफिकीर राहतो. छोट्या गाडीवाल्याने, बाइकवाल्याने जीव मुठीत धरून सगळ्यांच्या वाटची काळजी करायची आणि ५५ टनांपर्यंत वजन घेऊन धावणाऱ्याने फक्त दिवा लावायचा, हा कुठला न्याय?

त्या पोराचे लाल डोळे मात्र विसरता येत नाहीत. मुंबई ते इंदूर जवळपास सहाशे किलोमीटर, आणि केबिनमध्ये तो एकटाच होता. १९६१च्या कायद्यातच मोटार कामगाराला दिवसाचे आठ तास ठरले होते. कोणता मालक पाळतो? पूर्वी प्रत्येक गाडीवर क्लीनर असायचा, डाव्या खिडकीतून डोकं काढून "आने दो, आने दो" करायचा. त्याचा पगार वाचवला, म्हणजे डाव्या बाजूचे डोळेच काढून घेतले. तिथला आरसा तुटला तर तोही बसवत नाहीत. एवढ्या लाखांची गाडी रस्त्यावर आणता आणि आरशाला पैसे नाहीत? पण झोप नाही म्हणून न बघता वळायची सूट मी त्याला देणार नाही. माझी पोर होती त्या गाडीत.

आणि दंड किती? रस्त्यावरच्या वागण्याचे नियम मोडले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७-अ खाली पाचशे ते हजार रुपये. तेही कोणी पकडलं तर. मला याच रस्त्यावर ओव्हरस्पीडचं चलान घरपोच आलेलं आहे, मी ते निमूट भरलं. पण उजव्या लेनमध्ये ठाण मांडलेल्या किंवा न बघता लेन कापणाऱ्या ट्रकला बाजूला घेतलेलं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही.

काल आरसा बदलून आणला. पुढच्या महिन्यात आईला पुन्हा महेश्वरला घाटावर जायचंय, नवस आहे. सकाळी चहा घेताना तिने विचारलं, "रात्रीचं नको ना रे यायला?" तिला सांगितलं, दुपारी तीनलाच निघू. दिवसा तरी त्याच्या आरशात आपण दिसतो की नाही, हे मला सांगता येत नव्हतं.