‘बिनशर्त’ म्हणे!

माझी नौपाड्यातली भाची लॉच्या पहिल्या वर्षाला आहे. परवा वक्तृत्व स्पर्धेचं भाषण दाखवायला आली. वहीत हिरव्या शाईने अधोरेखित केलेलं: ‘कधी कोर्टाची पायरी न चढलेला कम्युनिस्ट मंत्री कृष्ण अय्यर थेट सुप्रीम कोर्टात बसला, इंदिरा गांधींना बिनशर्त स्थगिती देऊन आणीबाणीचा रस्ता मोकळा केला, पुढे नागरिकांचे हक्क गोठवणाऱ्या निकालावरही त्याचीच सही.’ कुठून आणलंस? ‘सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं, मामा.’

पायरी न चढलेला? अहो, व्ही. आर. कृष्ण अय्यर थलश्शेरीत वकिली करूनच राजकारणात आले. 1957 मध्ये केरळात नंबुद्रिपादांच्या कम्युनिस्ट मंत्रिमंडळात गेले ते अपक्ष म्हणून, कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर. 1959 मध्ये सरकार बरखास्त झालं, पुन्हा वकिली. 1968 ला केरळ हायकोर्ट, मग विधी आयोग, 1973 ला सुप्रीम कोर्ट. हे ‘थेट’ असेल तर ठाण्याहून कल्याणला पनवेलमार्गे जाणंही थेटच.

डोकं फिरलं ते ‘बिनशर्त’ वाचून. अलाहाबाद हायकोर्टाने इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली होती, त्यावर अय्यरांनी दिलेला 24 जून 1975 चा हुकूम भाचीपुढे उघडून ठेवला. इंदिराबाईंनी लोकसभेत यावं, रजिस्टरात सही करावी. पण खासदार म्हणून मत द्यायचं नाही, मानधन घ्यायचं नाही. पंतप्रधान म्हणून सभागृहात बोलता येईल, तेही मताविना. पूर्ण स्थगिती मागायला त्यांचे वकील पालखीवाला उभे होते, तरी मिळाली नाही. मतच नसलेली पंतप्रधान! विरोधकांनी राजीनाम्याचा धोशा लावला, दुसऱ्या दिवशी रामलीला मैदानावर जयप्रकाशांची सभा आणि त्याच रात्री आणीबाणी. निकाल सोयीचा लागला असता तर एवढी घाई कशाला झाली असती? त्याआधी कायदामंत्री गोखल्यांनी भेटीसाठी फोन केला, तेव्हा अर्ज रजिस्ट्रीत द्या म्हणून अय्यरांनीच वाटेला लावलं. हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे.

सहीचं तर विचारूच नका. हक्क गोठवणारा निकाल देणाऱ्या 1976 च्या त्या खंडपीठावर राय, खन्ना, बेग, चंद्रचूड आणि भगवती. यात अय्यर शोधून दाखवा. चंद्रचूड आपल्या पुण्याचे, पण फॉरवर्डात त्यांचं नाव कशाला येईल!

एक मात्र नाइलाजाने मान्य. तिघांची ज्येष्ठता डावलून राय सरन्यायाधीश झाले एप्रिल 1973 मध्ये, आणि अय्यर सुप्रीम कोर्टात आले जुलैत. सरकारला आपल्या विचारांचे न्यायाधीश हवे होते त्या दिवसांतली ही नेमणूक. तेव्हा शंका घेणारे वेडे नव्हते.

भाचीने ‘बिनशर्त’मधला ‘बिन’ खोडला, वर ‘स’ लिहिला आणि म्हणाली, ‘बाकी तसंच ठेवू ना?’

अख्खं पान फाडायला लावलं.