लिटरची शाई खरंच स्वस्त पडते का? मिरजेच्या दादांना उत्तर

दादा, नमस्कार.

तुम्ही नाव लिहिलं नाही, ‘मिरजेचा स्टुडिओवाला’ एवढीच सही केलीय, म्हणून दादाच म्हणते. प्रतिक्रिया चांगली खरपूस आहे आणि खाली दोघा-तिघांनी ‘एकदम बरोबर’ म्हणून तुमची री ओढलीय. म्हणजे ‘धन्यवाद, विचार करते’ एवढ्यावर माझी सुटका नाही.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी आधी थोडक्यात. घरून किंवा लहान गाळ्यातून फोटो आणि डिझाइनचं काम करणाऱ्यानं चार रंगांचा ऑल-इन-वन घेण्याऐवजी थोडे पैसे वाढवून सहा रंगांचा टँक प्रिंटर (टाकीत बाटलीनं शाई ओतायचा) घ्यावा, एप्सनचा एल८०५० किंवा कॅननचा जी५७०, आणि त्यात कंपनीचीच शाई घालावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की सहा रंग हे कंपन्यांनी काढलेलं खूळ आहे. बाजारात लिटरनं शाई मिळत असताना ७० मिलीची बाटली घ्यायला लावणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. फोटोच छापायचा तर लॅब आहेच. आणि ‘ताई, एसीत बसून डिझाइन करणं वेगळं, काउंटरवर उभं राहून बघा.’

एसीचं आधी मिटवते. माझी खोली सांगलीच्या खणभागात पत्र्याखाली आहे. एप्रिलमध्ये दुपारी तिथं माणूसही वाळतो आणि शाईही. आता मसाल्याचा हिशोब करू.

एल८०५०च्या सहा बाटल्या, प्रत्येकी ७० मिली, म्हणजे ४२० मिली शाई. कंपनीच्या आकड्यानुसार एवढ्यात ४×६ चे २१०० फोटो निघतात. भागाकार केला तर एका फोटोला ०.२ मिली. यात हेड, म्हणजे शाई फेकणारा भाग, साफ करायला (हेड क्लिनिंगला) जाणारी शाई धरलेली नसते, म्हणून आपण सढळ हातानं ०.३ धरू. बाटली समजा सातशेला पडली, तर मिलीला दहा रुपये आणि फोटोला तीन रुपये. तुमची लिटरवाली शाई एक-तृतीयांश दरात पडते असं धरलं, तर फोटोमागे वाचले दोन रुपये. ए४चं क्षेत्रफळ ४×६ च्या जवळपास चौपट, तिथं आठ रुपये.

दोन रुपये कमी नाहीत, हे मलाही कळतं. पण फोटो नुसत्या शाईवर निघत नाही. २४० ते २७० जीएसएमचा चांगला आरसी (प्लास्टिकचा थर असलेला) फोटो कागद घेतला आणि ४×६ चा तुकडा सहा रुपयांना पडला, तर बिघडलेला एक फोटो म्हणजे शाईसकट सात रुपये पाण्यात. चार फोटोंत एकाचा रंग गेला आणि तो परत काढावा लागला, की त्या चौघांवरची बचत जवळजवळ संपली. आणि बाहेरच्या शाईत रंग जातोच, कारण कुठल्या रंगाचे किती थेंब टाकायचे याचं ड्रायव्हरमधलं (प्रिंटर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) कोष्टक कंपनीच्या शाईवर आणि कंपनीच्या कागदावर बेतलेलं असतं. दुसरी शाई ओतली की ते कोष्टक खोटं पडतं. नवरीच्या चेहऱ्यावर लाली चढते, नाहीतर सगळं हिरवट मारतं. तुम्ही म्हणाल, आम्ही फोटोशॉपमध्ये कर्व्ह ओढून ते नीट करतो. करता, मी बघितलंय. पण पुढची बाटली दुसऱ्या लॉटची निघाली की कर्व्हही नव्यानं ओढावी लागते आणि त्या भानगडीत पुन्हा चार कागद जातात.

लग्नसराईत तुमच्याकडे रोज शेकड्यानं फोटो निघत असतील, शाईला वाळायला सवडच मिळत नसेल आणि तुम्ही त्या शाईचं, त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे रंग बरोबर उमटावेत म्हणून लागणारी फाइल, मोजून बनवून घेतलं असेल, तर तुमचं गणित बसतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पासपोर्ट फोटोलाही बाहेरची शाई चालून जाते. ३५×४५ मिमीचे आठ फोटो एका ४×६ वर बसतात, त्यातले दोन फॉर्मला चिकटतात, बाकीचे पाकिटात. ते कुणी भिंतीवर लावत नाही. पण माझा लेख आठवड्याला वीस-पंचवीस प्रिंट काढणाऱ्यासाठी होता. त्याची लिटरची बाटली सहा-आठ महिने कपाटात पडून राहणार, आणि तिच्यातल्या गाळानं हेड भरलं की सगळी बचत एका फेरीत जाणार. एप्सनमध्ये हेड मशीनचाच भाग असतो, ते बदलायचा खर्च ऐकून बहुतेक लोक नवाच प्रिंटर बघायला लागतात. कॅननच्या या जी मालिकेत हेड आपल्या हातानं काढून बदलता येतं. कमी वापर असणाऱ्यानं ही गोष्ट लक्षात ठेवावी.

हेडवरून आठवलं, आपल्याकडे प्रिंटर मरतात ते शाईपेक्षा बटणामुळे जास्त. संध्याकाळी दुकान बंद करताना भिंतीवरचा मेन स्विच खाली, की झालं. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबून तो बंद केला तर हेड कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकले जातात. मेननं मारलं आणि हेड तेव्हा मध्येच कुठं असलं, तर ते रात्रभर उघडं. मग सकाळी क्लिनिंग, परत क्लिनिंग, आणि ती सगळी शाई खालच्या वेस्ट पॅडमध्ये. पॅडचा काउंटर भरला की मशीन अडून बसतं. तेव्हा पोरं नेटवरून फुकटचा रिसेटर उतरवतात. त्यानं आकडा शून्य होतो, पॅड काही कोरडं होत नाही, आणि वर कॉम्प्युटरला व्हायरस बोनस.

आता सहा रंगांचं खूळ.

दादा, तुमच्याच स्टुडिओतला बारशाचा एखादा फोटो घ्या, उजेडात काढलेला, बाळाचा गाल मोठा दिसेल असा. तो चार रंगांच्या प्रिंटरवर काढा आणि खिडकीशी धरून जवळून बघा. गालाच्या उजळ भागात बारीक रवा दिसेल. गुलाबी छटा फिकट करायला त्या मशीनकडे एकच उपाय असतो, गडद मॅजेंटाचे थेंब लांब लांब टाकायचे. पांढऱ्यावर विरळ पडलेले ते गडद ठिपके डोळ्याला टोचतात. एल८०५०मध्ये फिकट सायन आणि फिकट मॅजेंटाच्या वेगळ्या टाक्या आहेत, तिथं तीच छटा फिकट शाईच्या दाट ठिपक्यांनी भरली जाते आणि गाल गालासारखा दिसतो. थेंबाचाही फरक आहे. साध्या मॉडेलमध्ये तो ३ पिकोलिटरच्या घरात, फोटोच्या मॉडेलमध्ये १.५च्या आसपास. कॅननची वाट निराळी. जी५७०मध्ये फिकट शाया नाहीत, जास्तीच्या दोन टाक्या लाल आणि करड्या रंगाच्या आहेत. लाल शालू, कुंकू, झेंडू तिथं मोकळे उमटतात, आणि करड्या शाईमुळे आजोबांचा जुना कृष्णधवल फोटो परत काढताना तो निळसर-हिरवट मारण्याची भीती कमी होते.

आणखी एक गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. चार टाक्यांच्या बऱ्याच प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट (बारीक रंगकणांची) असते आणि बाकी तीन डाय (पूर्ण विरघळलेल्या रंगाच्या). साध्या कागदावर अक्षर खणखणीत यावं म्हणून ती सोय. बिलं, ड्रॉइंग, सातबाराचे उतारे यांना ती उत्तमच. पण पिगमेंट काळी चकचकीत फोटो कागदावर नीट बसत नाही, म्हणून फोटो पेपर निवडला की मशीन तिला बहुतेक बाजूलाच ठेवतं आणि तीन रंगांचं मिश्रण करून काळा बनवतं. म्हणजे डब्यावर चार रंग आणि फोटोत तीन. ‘केस तपकिरी का आले?’ असं गिऱ्हाईक विचारतं, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. डब्यावरच्या ५७६० डीपीआयचा इथं काही उपयोग नाही. तो आकडा ठिपके किती जवळ टाकता येतात त्याचा आहे. चित्रात मुळात तेवढा तपशील लागतच नाही. ४×६ ला १२००×१८०० पिक्सेल पुरेत. व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला १६०० पिक्सेलच्या आसपास येतो. तो ४×६ ला निभावतो, ए४वर ताणला की इंचाला १३७ पिक्सेल उरतात, मग प्रिंटर कुठलाही असो. गिऱ्हाइकाला सांगायचं, फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

लॅबच्या मुद्द्यावर आपलं भांडणच नाही. लग्नाचा अल्बम आणि मोठ्या संख्येचे फोटो लॅबलाच द्यावेत, आणि त्याचं कारण नुसता दर नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी मारुती रोड, हरभट रोडच्या दुकानांत आणि गावभागातल्या घरांत शिरलं, त्यानंतर लोक ओले अल्बम घेऊन फिरत होते ते तुम्हीही पाहिलं असेल. लॅबमध्ये रासायनिक कागदावर काढलेले फोटो चिखलातून काढून, स्वच्छ पाण्यात हलकेच विसळून, चेहऱ्याची बाजू वर ठेवून वाळवले तर पुष्कळ वाचतात. डाय शाईचा इंकजेट फोटो अशा पाण्यात वाहून जातो, नाहीतर शेजारच्याला कायमचा चिकटतो. आमच्या नात्यातल्या एका घरी एकाच ट्रंकेत दोन्ही होते. जुना काळा-पांढरा लग्नाचा फोटो कडेला डाग पडून वाचला. नातवाच्या वाढदिवसाचे घरी छापलेले फोटो म्हणजे नुसते जांभळे ओघळ. तेव्हा जपायचं ते लॅबला द्या, किंवा निदान लॅमिनेट करा. घरच्या प्रिंटरवर काढायचे ते आज संध्याकाळी द्यायचे फोटो, फ्रेमच्या आधीचे नमुने आणि डिझाइनचे प्रूफ.

प्रूफबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत, पण माझं निम्मं काम तेच आहे. हळदीच्या पाकिटाचं, तासगावच्या बेदाण्याच्या बॉक्सचं लेबल. इथं सहा रंगांचा प्रिंटर उलट अतिगोड बोलतो. चकचकीत कागदावर डाय शाईचा पिवळा-केशरी इतका तळपतो की गिऱ्हाईक खूश होऊन ‘हाच रंग पाहिजे’ म्हणतं. मग तीच फाइल छापखान्यातल्या ऑफसेट मशीनवर साध्या बोर्डावर छापून येते आणि हळद मळलेली दिसते. घरगुती इंकजेटचा ड्रायव्हर आरजीबीच (पडद्यावरचे लाल-हिरवा-निळा रंग) घेतो, सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) फाइल दिली तरी आत रंग पुन्हा उलटापालटा होतात. म्हणून मी लेबलाचं प्रूफ ग्लॉसीवर काढतच नाही. मॅट कोटेड कागद, सॉफ्टवेअरमध्ये ऑफसेटचं प्रोफाइल लावून तसं दिसेल असं प्रूफ, आणि खाली पेननं लिहून देते: ‘मांडणी व मजकूर तपासण्यासाठी. छपाईत रंग यापेक्षा मंद येईल.’ त्यावर सही घेते. रंगाचं नियंत्रण सॉफ्टवेअरकडे दिलं असेल तर ड्रायव्हरमधलं बंद करायला विसरायचं नाही. दोघांनी एकाच वेळी रंग सुधारायला घेतला की सगळ्यावर लालसर पडदा येतो आणि शिव्या शाईला बसतात.

हेच काम जास्त असेल, बारीक अक्षरं साध्या कागदावर वारंवार काढावी लागत असतील, तर एप्सनचा एल८१६० बघावा. त्यात फोटोची काळी आणि अक्षरांची पिगमेंट काळी अशा दोन्ही आहेत. एल८१८० त्याचाच ए३+ वाला भाऊ. पण ए३+ म्हणजे ३२९×४८३ मिमी, एवढा कागद आठवड्यातून एकदाच लागत असेल तर तो बाहेरून काढून आणलेला बरा.

खाली एकानं मगवर छापायचं विचारलंय. सब्लिमेशन शाई (उष्णतेनं मगवर उतरणारी) एप्सनच्या हेडमधून जाते, कारण ते हेड शाई तापवत नाही, दाबून फेकते. पण तिला वेगळा प्रिंटर ठेवा, एल१३०सारखा जुना चालेल. फोटोच्या मशीनमध्ये ती ओतली की फोटो विसरायचे, आणि वॉरंटीही.

तुमच्या भाच्याबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय: विश्रामबागला कॉलेजजवळ गाळा, पासपोर्ट फोटो, प्रोजेक्टची पानं, अधूनमधून वाढदिवसाचे बॅनर-बिनर. त्यानं बॅनरचा नाद सोडावा, ते फ्लेक्सवाल्याचं काम. पानांना कुणाचा तरी जुना मोनो लेझर मिळाला तर तो घ्यावा, पोरं झेरॉक्ससारखी पानं मागतात, तिथं फोटोची शाई जाळण्यात अर्थ नाही. फोटोला जी५७०. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत कॉलेज ओस पडलं की मशीन नुसतं बसून राहणार, तेव्हा हेड बदलता येणारं असलेलं बरं. सुट्टीतही आठवड्याला एक रंगीत पान काढायचं. शाई कंपनीची. मामा लिटरची बाटली घेऊन आला तरी.

दुकानात जाताना त्याला एक फाइल करून द्या आणि चांगल्या कागदाचे दोन तुकडे बरोबर द्या. दुकानदाराचा डेमो फोटो नेहमी पोपटाचा नाहीतर फळांचा असतो, त्यात सगळेच प्रिंटर झकास दिसतात. आपल्या फाइलमध्ये बाळाचा चेहरा, काळे केस, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जाणारी करडी पट्टी, एक हळदी पट्टा आणि सहा पॉइंटमध्ये ‘श्री गणेशाय नमः’. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार बरोबर निवडायला लावायचा, ते दहातले नऊ सेल्समन करत नाहीत. प्रिंट निघाली की पाच मिनिटं थांबायचं आणि ट्यूबलाइटखाली न बघता दुकानाबाहेर उन्हाच्या उजेडात न्यायची.