मुद्रांक शुल्क आणि वाकडचं कुलूप

रविवारी सकाळी उठले तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दादाचे अकरा मेसेज. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, चिंचवडचा. त्याच्या मुलाने पुण्याजवळ पुनावळ्यात टू बीएचके बुक केलाय, 72 लाखांचा. त्यावर मुद्रांक शुल्क 5 टक्के, वर 1 टक्का स्थानिक संस्था कर, वर 1 टक्का मेट्रो अधिभार आणि नोंदणीचे 30 हजार. झाले 5 लाख 34 हजार. ताबा मिळायला अजून दोन-अडीच वर्षं, पण हे पैसे मात्र एकरकमी, आत्ताच्या आत्ता. घर फक्त सुनेच्या नावावर घेतलं असतं तर महिला म्हणून 1 टक्का वाचला असता, पण दोघांचं नाव लावलं की ती सूट गेली. इथपर्यंत दादाचं सगळं बरोबर. शेवटच्या मेसेजमध्ये मात्र मला टॅग करून: "हिच्याकडे बघा. ऑस्ट्रेलियात पहिल्या घराला ड्यूटी माफ! 2020 सारखी 2 टक्के करायला आपल्या सरकारचं काय जातं?"

हे "हिच्याकडे बघा" मला फार झोंबतं. घरात कुणाला सरकारला शिव्या घालायच्या असल्या की मेलबर्नचा दाखला निघतो, आणि मी बोलायला लागले की "तुला काय कळतंय इथलं" म्हणून गप्प करतात.

तर सरकारचं काय जातं? जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात स्वतःचे म्हणावेत असे मोठे कर उरलेत मोजके: मुद्रांक, दारू, पेट्रोल. पण तो मुद्दा बाजूला ठेवू. 2020 ची ती सवलत आठवते का नीट? सप्टेंबर ते डिसेंबर 2 टक्के, मग मार्चअखेरपर्यंत 3. सगळ्यांना सरसकट. मलबार हिलला चौथा फ्लॅट घेणाऱ्याला जी टक्केवारी, तीच पुनावळ्यात पहिला घेणाऱ्याला. रुपयांत मोजा म्हणजे कळेल कुणाचे किती वाचले ते. डिसेंबर संपायच्या आत दस्त करून घ्यायला नोंदणी कार्यालयात झुंबड उडाली, बिल्डरांचा पडून राहिलेला माल उचलला गेला आणि वाहवा झाली. किमती कुठे खाली आल्या?

इथे, म्हणजे मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्यात, ड्यूटी माफ नाहीये, दादा. चांगली साडेपाच टक्क्यांपर्यंत जाते, फार महागड्या घरांना त्याहूनही जास्त. माफी आहे ती फक्त पहिल्या घराला, तीही 6 लाख डॉलरपर्यंत. पुढे साडेसात लाखांपर्यंत थोडी थोडी सवलत, त्याच्या वर दमडी नाही. शिवाय वर्षभरात राहायला जायचं आणि सलग बारा महिने राहायचं. आम्ही 2018 मध्ये मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात जमीन घेऊन घर बांधलं तेव्हा ही माफी मिळाली, वर नव्या घराचं 10 हजार डॉलरचं अनुदान. राहायला आलो तेव्हा समोर फुटपाथ नव्हता, लेटरबॉक्स होता. पहिल्या आठवड्यातच त्यात कौन्सिलचं बिल येऊन पडलं.

मुद्दा सूट किती हा नाहीच, कुणाला हा आहे. आणि दुसरा मुद्दा, जो आपल्याकडे कुणी काढतच नाही: बंद घरं. इथे वर्षात सहा महिन्यांपेक्षा जास्त घर रिकामं ठेवलं तर घराच्या किमतीवर 1 टक्का कर. आधी हा मेलबर्नच्या आतल्या आणि मधल्या भागापुरता होता, 2025 पासून राज्यभर झाला. दुसऱ्या वर्षीही रिकामं राहिलं तर 2 टक्के, तिसऱ्या वर्षी 3. आणि आपल्याकडे? फ्लॅट भाड्याने दिला तर सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणूनचा आकार लावते, सेवाशुल्काच्या 10 टक्के. कुलूप लावून ठेवला तर काही नाही. म्हणजे कुणाला तरी राहू दिलं याचा दंड! नावही कसं बघा: घरात माणूस राहत असतो आणि बिलावर नॉन-ऑक्युपन्सी.

हे सगळं मी ग्रुपवर तावातावाने टाइप केलं. पाठवायच्या आधी मात्र हात थांबला, कारण वाकडला आमचाही एक फ्लॅट आहे.

2011 मध्ये बुक केला होता, आम्ही इथे यायच्या आदल्या वर्षी. ताबा घ्यायला मी तीन आठवड्यांची रजा काढून गेले होते. गणपतीची मूर्ती ठेवली, दूध उतू घातलं, कुलूप लावलं आणि परत आले. भाड्याने दिला नाही. कारण विचारलं तर मी भिंती खराब होतात वगैरे सांगते. खरं कारण, परत जायचंय असं जे आम्ही दरवर्षी म्हणतो त्याला पुरावा म्हणून ती एक किल्ली लागते. आज त्याचे 90 लाख तरी येतील. इथला कायदा तिथे लागू झाला तर पहिल्या वर्षी 90 हजार, तिसऱ्या वर्षी 2 लाख 70 हजार. मग मला परत जायची तारीख तरी ठरवावी लागेल, नाहीतर फ्लॅट विकावा तरी लागेल.

टार्नीटच्या घराच्या वेळी "यापूर्वी तुमच्या मालकीचं घर होतं का" हा प्रश्न ऑस्ट्रेलियापुरताच होता. वाकडचं कुणी विचारलं नाही, मीही सांगायला गेले नाही. कायद्याने सगळं चोख. पंतप्रधान आवास योजनेत देशात कुठेही पक्कं घर असलं तर नाव कटतं. मी मात्र फ्लॅट असून इथली 'फर्स्ट होम बायर' झाले. शिवाय 2025 च्या एप्रिलपासून इथल्या केंद्र सरकारने परदेशी लोकांना जुनी घरं घ्यायला दोन वर्षं बंदी घातली. बातमी वाचून मी म्हटलं होतं, बरं केलं, आमच्या पोरांना घरं मिळतील. आता पासपोर्ट इथला आहे, तिकडे ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते कार्ड. पुण्यात मतदान करता येत नाही, शेतजमीन घेता येत नाही. फ्लॅट मात्र हवे तेवढे.

आणि आमची वाकडची किल्ली दादाच्या त्या मुलाकडेच असते. तो आमच्या मागच्याच गल्लीत 28 हजार भाड्याने राहतो. महिन्यातून एकदा जाऊन खिडक्या उघडतो, नळ सोडतो आणि व्हिडिओ पाठवतो. आधी नळ नुसता खोकतो, मग गढूळ पाणी येतं, मग स्वच्छ. "आत्या, सगळं ओके," असं तो शेवटी म्हणतो. पुनावळ्याचा ताबा मिळेपर्यंत आमच्या फ्लॅटमध्ये राहा, असं मी त्याला म्हणू शकले असते. दादाही कधी बोलला नाही.

शेवटी बंद घरांचा परिच्छेद काढून उरलेलं पाठवलं. दादाचं उत्तर तासाभराने आलं: "पटतंय तुझं. बरं, वाकडचा मेंटेनन्स भरलास ना? सेक्रेटरी विचारत होते."

भरला होता. ऑटोपे लावलेलं आहे.